तुमचा वर्ग, तुमचे प्रश्न : मूल 'दृश्य' का 'श्राव्य', आणि भिंतीवरच्या टीव्हीचं काय करायचं

या वेळी आलेल्या पत्रांत शिकण्याच्या शैली आणि वर्गातली डिजिटल साधनं हे दोनच विषय जास्त होते, ट्रेनिंगचा सीझन संपल्याचा परिणाम असणार. पत्रं लांबलचक होती म्हणून थोडी कापलीयत आणि नावं काढलीयत, राग मानू नका.

मॅडम नमस्कार, मी जि. प. शाळेत चौथीला शिकवतो, पट ३४. ट्रेनिंगमध्ये आम्हाला १६ प्रश्नांचा एक फॉर्म दिला. तो मुलांकडून भरून घ्यायचा, प्रत्येक मूल दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन का कृतिप्रधान ते ठरवायचं, रजिस्टरला नोंद करायची आणि चार गट करून वेगवेगळं शिकवायचं असं सांगितलंय. फॉर्म भरून झाले, दोन पोरांनी शेजारच्याचं बघून भरले. आता भागाकार चार पद्धतींनी शिकवायचा का? आणि श्राव्यवाल्यांना तो नुसता ऐकवून कसा शिकवू?
– शिक्षक, वाशिम जिल्हा

सर, शेजारच्याचं बघून स्वतःची शैली ठरवणारी ती दोन पोरं मला फारच आवडली. थेट सांगते, चार गट करू नका. नोंद मागितलीय तर करून टाका, वरून आलेला कागद भरावाच लागतो हे मलाही माहितीय, पण त्या नोंदीवरून भागाकार शिकवायला जाऊ नका.

हा फॉर्म आला कुठून ते आधी बघू. न्यूझीलंडमध्ये नील फ्लेमिंग नावाचे गृहस्थ होते, शाळा तपासणीचं काम केलेले, म्हणजे आपले विस्तार अधिकारीच म्हणा. वर्ग बघता बघता त्यांना प्रश्न पडला की चांगले शिक्षकसुद्धा काही मुलांपर्यंत का पोचत नाहीत, आणि त्यातून १९९२ च्या सुमारास ही चार प्रकारांची मांडणी आली, व्हार्क म्हणतात तिला. ही प्रश्नावली विचारते काय, तर तुम्हाला काय आवडतं. कुणाला रस्ता सांगायचा तर नकाशा काढाल का तोंडी सांगाल, असल्या धर्तीवर. आवड विचारायला काहीच हरकत नाही हो, पण मुलाला आवडतं तसं शिकवलं की ते जास्त शिकतं हे वेगळंच विधान झालं आणि ते सिद्ध करायला कुणाला जमलेलं नाही.

प्रयत्न भरपूर झाले. २००४ मध्ये इंग्लंडात फ्रँक कॉफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजायला घेतलं तर शैलींची ७१ वेगवेगळी मॉडेलं सापडली, म्हणजे तुमचं एकच मूल एका मॉडेलात दृश्य, दुसऱ्यात चिंतनशील आणि तिसऱ्यात आणखी काहीतरी. मग २००८ मध्ये अमेरिकेत हॅरल्ड पॅशलर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी सरळ हिशोब मांडला. शैली खरी असेल तर असं दिसायला पाहिजे: दृश्य आणि श्राव्य मुलांचे दोन गट घ्या, प्रत्येक गटातल्या निम्म्यांना चित्रातून शिकवा आणि निम्म्यांना ऐकवून, मग सगळ्यांची एकच परीक्षा घ्या. दृश्यवाले चित्रातून पुढे गेले पाहिजेत आणि श्राव्यवाले ऐकून. त्यांनी आधीचे अभ्यास चाळले तर अशा पद्धतीने तपासलेलेच मोजके, आणि त्यातलेही बरेचसे उलटंच सांगणारे. तरी समज जात नाही. २०१२ मध्ये एका पाहणीत ब्रिटनमधले ९३ टक्के आणि नेदरलँड्समधले ९६ टक्के शिक्षक शैलीप्रमाणे शिकवलं की मुलं जास्त शिकतात असं मानत होते, त्यामुळे तुमच्या ट्रेनरवर फार चिडू नका, त्यांच्यासारखं मानणारे खूपजण आहेत.

आता भागाकार. कसं शिकवायचं हे मुलाच्या शैलीपेक्षा विषय ठरवतो. नकाशा बघायलाच लागतो, तो ऐकून कुणालाच कळत नाही, आणि कविता मोठ्याने म्हटल्याशिवाय तिची चाल समजत नाही, मग मूल कुठल्या का गटातलं असेना. भागाकाराला वाटणी हातानेच करावी लागते. चिंचोके घ्या, ३४ चिंचोके चौघांत वाटा, आठ-आठ मिळाले, दोन उरले, मग तेच फळ्यावर लिहा आणि तेच तोंडाने बोलून घ्या. हे सगळ्या ३४ जणांनी करायचं. हात, डोळे, कान तिन्ही आले, गट पाडायचे कष्ट वाचले.

गट पाडायचेच असतील तर वेगळ्या गोष्टीवरून पाडा. भागाकारात अडलेलं पोर बहुतेक वेळा भागाकारात अडलेलं नसतंच, पाढ्यात अडलेलं असतं नाहीतर वजाबाकीत. एका तासात तीन उदाहरणं द्या, एक साध्या वजाबाकीचं, एक हातच्याच्या वजाबाकीचं, एक गुणाकाराचं, संध्याकाळी कागद बघा, गट आपोआप पडतील. १९९५ च्या सुमारास मुंबईच्या वस्त्यांमधून सुरू झालेली 'प्रथम' संस्था वाचनाच्या बाबतीत हेच करत आलीय, इयत्ता विसरा, मूल अक्षरावर आहे, शब्दावर आहे, परिच्छेदावर आहे का गोष्टीवर ते बघा आणि तिथून शिकवा. दिल्लीत माइंडस्पार्क नावाच्या सॉफ्टवेअरचा अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला. त्यात सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती आणि एकाच वर्गातल्या मुलांमध्ये पाच-सहा इयत्तांचं अंतर होतं. सॉफ्टवेअरने मुलाला त्याच्या पायरीवरचं गणित दिलं आणि साडेचार महिन्यांत चांगली प्रगती दिसली, हिंदीतही दिसली. शैली विचारायची गरजच पडली नाही.

बरं, शैली सोडून देऊ. पण हॉवर्ड गार्डनरच्या बहुविध बुद्धिमत्ता तरी खऱ्या ना? आमच्या डी.एड.ला त्यावर प्रश्न यायचा.
– शिक्षिका, नांदेड

प्रश्न येतच राहणार. भाषेची, गणिताची, संगीताची अशा वेगवेगळ्या बुद्धी असतात हे गार्डनर यांनी १९८३ मध्ये जे मांडलं ते बुद्धी एकच असते या समजाला उत्तर होतं, त्याच्यावर मानसशास्त्रात वाद आहेत ते सोडा. पण ही संगीतवाली म्हणून हिला पाढे गाऊनच शिकवा, असं त्यांनी म्हटलेलं नाही. उलट २०१३ मध्ये त्यांनीच लिहून सांगितलं की माझ्या बुद्धिमत्ता आणि शिकण्याच्या शैली यांची गल्लत करू नका. ती गल्लत आपल्या गाइडांमध्ये अजून चालू आहे. पाढे गाऊन म्हणायचे असतील तर म्हणा की, सगळ्यांनाच मजा येते.

आमच्या शाळेला गावाने लोकवर्गणीतून ५५ इंची स्मार्ट टीव्ही घेऊन दिला. उद्घाटनाला सरपंच, फोटो, सगळं झालं. आता गावकरी येऊन विचारतात टीव्ही चालू का नाही. म्हणून आम्ही रोज दुपारनंतर कविता आणि गोष्टींचे व्हिडिओ लावतो. मुलं शांत बसतात पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर काही सांगता येत नाही. टीव्हीचा नीट उपयोग कसा करावा?
– मुख्याध्यापिका, सांगली जिल्हा

मॅडम, मुलं शांत बसतात हीच तर मेख आहे. बघत बसलेलं पोर शिकतंय असं आपल्याला वाटतं आणि त्यालाही वाटतं.

साधन आणलं की शिक्षण होईल या आशेवर मोठमोठे लोक फसलेत. मुलामागे एक लॅपटॉप ही अमेरिकेतून निघालेली योजना आठवत असेल, २००७ मध्ये आपल्या रायगडमध्ये कर्जत तालुक्यातल्या एका छोट्या शाळेतही तिचा प्रयोग झाला होता. पेरू देशाने तर लाखो लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये तिथल्या ग्रामीण शाळांचा अभ्यास बाहेर आला तेव्हा मुलांच्या गणितात आणि भाषेत काही फरक दिसला नाही. लॅपटॉपवर काय करायचं आणि शिक्षकाने कुठे हात घालायचा हे कुणी ठरवलंच नव्हतं. उलट बाजूला आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले बघा, ज्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्यांचं साधन काय होतं, तर पुस्तकाच्या पानावर चिकटवलेला क्यूआर कोड. पण तो त्याच पानावरच्या त्याच धड्याचा होता, पोरगं घरी गेलं तरी आईच्या फोनवर परत ऐकता येत होता. आता बालभारतीच्या पुस्तकांत कोड छापूनच येतात आणि सरकारच्या दीक्षा ॲपवर उघडतात.

तर टीव्ही रोज लावू नका. जे फळ्यावर आणि अंगणात दाखवता येत नाही त्याच्यासाठी ठेवा. चंद्राच्या कला, हृदयाच्या झडपा, ज्वालामुखी. मटकीला मोड येताना व्हिडिओत कशाला दाखवायचे, ओल्या फडक्यात बांधून खिडकीत ठेवा ना. विज्ञानाला फेट म्हणून कोलोरॅडो विद्यापीठाची फुकट सिम्युलेशन्स आहेत, नोबेल मिळालेले कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेली, बरीचशी मराठीतही आहेत. त्यात सर्किट जोडता येतं, बल्ब लागतो का बघता येतं, आणि महत्त्वाचं म्हणजे आधी विचारता येतं, हा बल्ब लागेल का? हात वर करा. मग बटण दाबा.

लावताना एवढं करा. व्हिडिओच्या आधी एक प्रश्न फळ्यावर लिहा. दर दोन-तीन मिनिटांनी थांबवा आणि शेजारच्याला सांगायला लावा. आणि ज्या व्हिडिओत मागे ढोल वाजतोय, कोपऱ्यात माकड नाचतंय, अक्षरं गोल फिरतायत, तो सोडून द्या. रिचर्ड मेयर या संशोधकाचं आयुष्य याच विषयात गेलं, त्यांचं सांगणं असं की चित्र आणि त्याच्याबरोबर बोललेले शब्द यांची जोडी चांगली, पण धड्याशी संबंध नसलेली सजावट शिकणं कमी करते. तेच शब्द स्क्रीनवर लिहून वर वाचूनही दाखवले तरी गर्दीच होते, बरेच जण स्लाइड वाचून दाखवतात ते आठवा. अपवाद वाचायला शिकणाऱ्या मुलांचा. त्यांच्यासाठी गाण्याखाली गाण्याचेच शब्द आले तर फायदाच, अहमदाबादच्या आयआयएममधून ब्रिज कोठारी यांनी १९९० च्या दशकात हीच कल्पना मांडली आणि पुढे ती टीव्हीवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमांत आली. तुमच्या कवितांच्या व्हिडिओंना खाली मराठी ओळी असतील तर पहिली-दुसरीला तेवढे जरूर लावा.

गावकऱ्यांना एक दिवस बोलावून बल्बचा तास बघायला बसवा. लाइटबिलाचाही विषय त्याच वेळी काढून घ्या.

माझ्याकडे ना टीव्ही ना कॉम्प्युटर, फक्त माझा फोन आहे आणि त्यातही निम्मी मेमरी शाळेच्या फोटोंनी भरलेली. यात काही करता येईल का? तिसरी-चौथी एकत्र वर्ग आहे.
– शिक्षक, पालघर जिल्हा

येईल, आणि मला विचाराल तर हे टीव्हीपेक्षा कामाचं आहे. प्लिकर्स नावाचं ॲप आहे. मुलांच्या हातात छापलेली कार्डं असतात, एकेका मुलाचं वेगळं, दिसायला क्यूआरसारखं. कार्ड कुठली बाजू वर धरलीय त्यावरून उत्तर अ, ब, क का ड ते ठरतं. तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, कुणी काय उत्तर दिलं ते लगेच स्क्रीनवर. मुलांकडे काहीच लागत नाही, शेजाऱ्याचं कार्ड बघून कळतही नाही. कार्डं जाड कागदावर काढा आणि लॅमिनेशन करू नका, चमकतं आणि कॅमेऱ्याला वाचता येत नाही.

पण खरी गंमत ॲपमध्ये नाही, प्रश्नात आहे. हातच्याची वजाबाकी घ्या. आपण सहज ५२ वजा २७ देतो. बरोबर उत्तर २५, आणि बरीच पोरं ३५ म्हणतात. आता हे ३५ आलं कसं? एक पोरगं हातचा घेतं, बारातून सात गेले पाच, पण दशकातला एक कमी करायचं विसरतं, म्हणून ३५. दुसऱ्याला हातचा हा प्रकारच माहीत नाही, ते लहान मोठ्यातून काढतं, सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन, त्याचेही ३५. दोघांची चूक वेगळी, उत्तर एकच, तुम्हाला काहीच कळलं नाही.

आता २७ च्या जागी २८ करा. ५२ वजा २८. बरोबर २४. दशक कमी करायला विसरलेलं पोर ३४ म्हणेल. लहान मोठ्यातून काढणारं ३६ म्हणेल. आणि चिन्हच न बघणारं ८० म्हणेल. हेच चार पर्याय द्या. ३४ वाल्यांना फक्त आठवण करून द्यायचीय, ३६ वाल्यांना दहाचा गठ्ठा सोडून सुटे करण्यापासून सुरुवात करायचीय, चिंचोके नाहीतर आइस्क्रीमच्या काड्या घेऊन. ८० वाले घाईत असतात. एक आकडा बदलल्याने तुमच्या पुढच्या चार दिवसांचं प्लॅनिंग झालं.

नेट नसेल तर पाटी आहेच. प्रत्येकाने लिहायचं, एक-दोन-तीन म्हटलं की पाटी वर. वर्षानुवर्षं शाळेत असलेलं हे साधन आपण कोपऱ्यात टाकून दिलं आणि आता परदेशात पांढऱ्या छोट्या बोर्डांवर हेच करतात. आणि फोटोंचं म्हणाल तर, शाळेत टेक्नॉलॉजी म्हणजे शिक्षकाने वर फोटो पाठवणे अशी व्याख्या झालीय, त्यावर बोलायला लागले तर हा अंक पुरणार नाही.

मुलगा नववीला आहे. क्लासवाले म्हणाले तो व्हिज्युअल लर्नर आहे, म्हणून आम्ही व्हिडिओचं पॅकेज घेतलं. एक एक चॅप्टर दोनदोनदा बघतो, कळलं म्हणतो, पण परीक्षेत आठवत नाही. व्हिडिओ बदलून बघू का?
– पालक, पुणे

ताई, पॅकेजचे पैसे गेले ते गेले, दुसरं घेऊ नका. पुन्हा पुन्हा बघितलं की ओळखीचं वाटायला लागतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला, निम्म्यांना उतारा परत वाचायला दिला, निम्म्यांना न बघता आठवेल तेवढं लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचलेले पुढे, आठवड्याने घेतली तर लिहिलेले पुढे. परीक्षा पाच मिनिटांनी नसते ना.

तर व्हिडिओ एकदाच बघू द्या, मग लॅपटॉप बंद आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते, आकृतीसकट. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. दोन दिवसांनी परत, आठवड्याने परत. तो कुरकुर करेल, हे बघण्यापेक्षा अवघड जातं आणि सुरुवातीला काहीच येत नाही असं वाटतं. जेवताना तुम्ही विचारलंत तरी चालेल, तुम्हाला उत्तर माहीत नसलं तरी, मग तर त्याला नीट समजावून सांगावं लागेल.

आम्ही न्यू जर्सीत रविवारची मराठी शाळा चालवतो, सगळे हौशी शिक्षक. मुलांना मराठी समजतं, बोलतात इंग्लिशमध्ये. काही पालक म्हणतात माझी मुलगी ऑडिटरी आहे, तिला देवनागरी लिहायचा आग्रह करू नका. काय उत्तर द्यावं?
– स्वयंसेवक शिक्षिका

उत्तर असं द्या की कानाने मराठी येणं ही तिची जमेची बाजू आहे, त्याच्यावरच लिपी शिकवायची. ऐकून अक्षर दिसत नाही. पण बाराखडीच्या तक्त्यापासून सुरू करू नका, तिला माहीत असलेल्या शब्दांपासून करा, आजी, पोळी, बाबा, खिडकी, आणि तेच शब्द पुढच्या रविवारी न बघता लिहून घ्या. आठवड्यातून एकच वर्ग म्हणजे सहा दिवस विसरायला मोकळे, तेव्हा मधल्या बुधवारी व्हॉट्सॲपवर पाच शब्द बोलून पाठवा, मुलीने कागदावर लिहून फोटो टाकायचा. शक्य असेल तर तो फोटो इकडे आजी-आजोबांना जाऊ दे, ते लगेच उत्तर देतात. जोडाक्षरं आणि रफार यांची घाई नको.

शैली नसतात म्हणता, मग सगळी मुलं सारखीच का? माझ्या वर्गात एक मुलगी फळ्यावरचं काहीच लिहून घेत नाही, तोंडी मात्र सगळं सांगते. मी तिला श्राव्य समजत होते.
– शिक्षिका, चंद्रपूर जिल्हा

सारखी कशी असतील मॅडम. शैली आणि गरज या वेगळ्या गोष्टी आहेत. ऐकू कमी येणाऱ्या मुलाला दिसेल असं शिकवावंच लागतं, अंध मुलाला ब्रेल किंवा आवाज लागतोच, तिथे आवडीचा प्रश्न नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात अध्ययन अक्षमताही आहे, म्हणजे वाचन-लेखनात अडखळणारी पण बाकी चुणचुणीत मुलं. साध्या अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक असतं, स्क्रीनवरचं बोलून दाखवतं, वेगळे पैसे पडत नाहीत. वर्गातल्या टेक्नॉलॉजीचा सगळ्यात चोख उपयोग मी इथेच बघितलाय.

तुमच्या मुलीचं मात्र मला वेगळंच वाटतंय. श्राव्य वगैरे राहू दे, तिला फळा दिसतोय का ते बघा. पुढच्या बाकावर बसवा आणि आठवडाभर वही बघा. वहीत अक्षरं आली तर चष्म्याचं काम आहे. पुढे बसूनही लिहीत नसेल तर जवळच्या पुस्तकातलं वाचायला द्या, तिथेही अडखळली, अक्षरं उलटसुलट केली तर तालुक्याच्या समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञांना कळवा, श्राव्य म्हणून सोडून दिलंत तर तिला परीक्षेतल्या सवलतीही मिळायच्या नाहीत. डोळे तर दोन्ही बाबतींत तपासायला लागतीलच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, तारीख आधी विचारून घ्या आणि आदल्या दिवशी तिच्या घरी निरोप पाठवा, कारण कापूस वेचणीच्या दिवसांत नेमकी अशीच मुलं त्या दिवशी गैरहजर असतात.